जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी बदकांच्या शिकारीसाठी तयार करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या मिनेसोटात स्थायिक झाल्यावर तुम्हाला बदकांच्या शिकारीची ओढ लागली, शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडून १९६० च्या दशकातली, १४ फुटी, रिव्हेट (ठोकून बसवायच्या धातूच्या खिळी) मारलेली अ‍ॅल्युमिनियमची मच्छीमारीची होडी मिळाली, ती तळातून पाझरते, मोटर बसवायची मागची फळी भुसभुशीत झाली आहे आणि सप्टेंबरच्या अखेरीस हंगाम सुरू होण्याआधी ती तुम्हाला पाण्यात उतरवायची आहे. मधली बाके कापून सपाट जमीन करावी का, गळती वेल्डिंगने बंद होईल का, रंग कोणता द्यावा आणि लपण, म्हणजे शिकाऱ्याला झाकणारा आडोसा, कसे बांधावे, हे तुमचे चार प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे आधी एका दमात देतो: बाके कापू नका, वेल्डिंग करू नका, रंग आतल्या बाजूनेही द्या आणि लपणाचा विचार सर्वांत शेवटी करा. गेली वीसहून अधिक वर्षे मी दर हिवाळ्यात गॅरेजमध्ये अशा एक-दोन होड्या दुरुस्त करतो, आणि नव्या माणसांचे काम बहुधा उलट क्रमाने चाललेले पाहतो. ते आधी गवताच्या चटया आणि रंग विकत आणतात आणि ज्या पत्र्यावर नोव्हेंबरच्या थंड पाण्यात त्यांचा जीव अवलंबून राहणार आहे, तो मात्र शेवटच्या आठवड्यात पाहतात.

होडी निवडण्यात तुमची चूक झालेली नाही, हे प्रथम सांगतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवण्याचे आणि रिव्हेटने जोडण्याचे जे कसब अमेरिकेत पसरले, ते युद्धानंतर होड्यांकडे वळले. मिनेसोटात अ‍ॅल्युमाक्राफ्टचा आरंभ १९४६ मधला, आणि न्यूयॉर्क मिल्स या छोट्या गावात लुंडच्या होड्या १९४८ पासून बनू लागल्या. तेव्हाच्या बांधणीतल्या कितीतरी होड्या आजही पाण्यात आहेत, कारण त्यांचा पत्रा चांगला आहे आणि रिव्हेटचा जोड हा दोष नसून गुण आहे: लाटांच्या माराने तळ किंचित लवतो आणि जोड तो ताण वाटून घेतो. साठ वर्षांत काही रिव्हेट सैल होणे स्वाभाविक आहे, आणि ते पुन्हा घट्ट करता येतात.

वेल्डिंगला मी ठाम नकार देतो, त्याची कारणे नीट समजून घ्यावीत. अशा होडीचा पत्रा जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची ताकद बहुतांशी तो लाटताना आलेल्या कठीणपणातून येते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या दोन्ही बाजूंचा पत्रा मऊ पडतो, आणि पुढच्या हंगामात चीर नेमकी त्या मऊ पट्ट्याच्या कडेने जाते. शिवाय दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत साठ वर्षांचे तेल, जुने सीलंट आणि चिखल भरलेला असतो. तो पूर्णपणे काढता येत नाही आणि त्याच्या वाफेने वेल्डमध्ये छिद्रे राहतात. पत्रा खरोखर फाटलेला असेल तर त्यावर त्याच जातीच्या पत्र्याचे ठिगळ, खाली सीलंटचा थर देऊन, रिव्हेटने बसवणे हाच योग्य उपाय आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. होडी ट्रेलरवर तशीच ठेवा, पाण्याचा बुडखा, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाचे बूच, बंद करा आणि आत सुमारे तीन इंच पाणी भरा. लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या होडीत पाणी भरू नये. एवढ्या पाण्याचे वजनच सहाशे-सातशे पौंड होते आणि दोनच ठिकाणी आधार असलेला पत्रा त्या भाराने वाकतो. ट्रेलरच्या लांब पट्ट्यांवर भार पसरलेला असतो. मग खाली झोपून, कोरड्या फडक्याने तळ पुसत, प्रत्येक पाझरणारा रिव्हेट मेणाच्या रंगीत कांडीने खुणावून ठेवा. घाई करू नका, कारण काही रिव्हेट दहा-पंधरा मिनिटांनीच थेंब सोडतात, आणि जोडातून निघालेले पाणी पत्र्यावरून ओघळत भलत्याच ठिकाणी टपकते. मधल्या कण्याच्या रांगेत आणि नाळेकडच्या वळणावर सर्वाधिक खुणा होतील. ट्रेलरच्या रुळावर होडी चढवताना तिथेच वर्षानुवर्षे आपटते.

पाणी काढून, दोन दिवस वाळवून, सैल रिव्हेट घट्ट करण्याचे काम दोघांनी करायचे असते. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर हवेच्या दाबावर चालणाऱ्या रिव्हेटच्या यंत्राने किंवा पंच आणि हातोड्याने ठोकायचे आणि दुसऱ्याने आतून जड पोलादी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीवर घट्ट दाबून धरायचा. आपल्याकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याचे कान सैल झाले की भांडेवाला पातेले ऐरणीवर टेकवून जे करतो, तेच हे काम आहे. फक्त इथे ऐरण दुसऱ्या माणसाच्या हातात असते. ठोके हलके आणि मोजके हवेत. जास्त ठोकल्यास भोवतालचा पत्रा ताणला जातो आणि शेजारचे चांगले रिव्हेट सैल होतात. ज्याची मान झिजली आहे किंवा ज्याचे भोक लांबट झाले आहे, तो रिव्हेट ड्रिलने काढून एक माप मोठा भरीव रिव्हेट घालावा. त्याची शेपटी पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट उरली पाहिजे. म्हणजे ३/१६ इंचाच्या रिव्हेटला साधारण ९/३२ इंच. घालण्यापूर्वी भोकात सागरी कामाच्या पॉलियुरेथेन सीलंटचा थेंब सोडावा. आतून ठोकळा पोहोचतच नाही अशा जागी, उदाहरणार्थ बाकाच्या खोक्याखाली, बंद टोकाचा पॉप रिव्हेट सीलंटसह चालेल. दुकानात सहज मिळणारा साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो आणि त्या पोकळीतूनच पाणी आत येते.

त्यानंतर पुन्हा पाणी भरून पाहा. पहिल्या चाचणीत चाळीस खुणा असतील तर दुसऱ्यात चार-पाच राहिल्या पाहिजेत, आणि तेवढ्यासाठी पुन्हा हातोडा उचलावाच. गळती पूर्ण थांबल्यावरच आतल्या बाजूने जोडांवर आणि रिव्हेटच्या शेपट्यांवर पातळ, लवचीक इपॉक्सी सीलरचा एक हात द्यावा. उन्हात जरा तापलेल्या पत्र्यावर तो फटीत आपोआप ओढला जातो. हा थर कधीही दुरुस्तीची जागा घेत नाही. सैल रिव्हेटवर ओतलेला सीलर एक हंगाम टिकतो आणि मग तडकतो. सिलिकोनला मात्र होडीच्या जवळपासही आणू नका: व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन वाळताना जे आम्ल सोडते ते पत्र्याला अपाय करते, आणि सिलिकोन लागलेल्या जागेवर पुढे रंग किंवा इपॉक्सी काहीच चिकटत नाही.

ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती म्हणजे दोन धातूंची जवळीक. मीठ-चिंचेची आमटी अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात रात्रभर राहिली की सकाळी तळाला बारीक खड्डे दिसतात, हे आपल्या घरांत सर्वांनी पाहिले आहे. होडीत याहून वाईट प्रकार घडतो, कारण ओलसर तळात तांबे किंवा पितळ अ‍ॅल्युमिनियमला टेकले की एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजायचे काम प्रत्येक वेळी अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला येते. शिकारीच्या होडीत हा धोका अधिक, कारण रिकाम्या काडतुसांची पितळी बुडे जमिनीखाली घरंगळून चिखलात पडून राहतात. माझ्या एका होडीत असे एकच काडतूस हिवाळाभर राहिले आणि वसंतात त्याच्या आकाराच्या वर्तुळात सुई जाईल असे छिद्र सापडले. म्हणून दर फेरीनंतर तळ धुवून रिकामी काडतुसे मोजून काढावीत. जुन्या होड्यांत पाणी सोडण्याची नळी कित्येकदा पितळेची असते; ती काढून अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची बसवावी. बोल्ट स्टेनलेसचेच वापरा, पण त्यांच्या आट्यांना विलगीकरणाचे ग्रीस लावून आणि खाली नायलॉनचा वॉशर घालून. घासण्यासाठी लोखंडी काथ्या वापरू नका, कारण त्याचे तुटलेले कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती खड्डा पडतो.

याच कारणासाठी औषध मारलेले हिरवट लाकूड होडीत कुठेही नको. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचे औषध २००४ च्या आरंभी मागे घेण्यात आले आणि त्याच्या जागी आलेल्या औषधांत तांब्याचे प्रमाण पुष्कळ असते. ते ओले झाले की तांबे पाझरून थेट पत्र्यात जाते. माझ्या सुरुवातीच्या एका होडीसाठी दुकानदाराने हेच प्लायवुड 'कधी कुजणार नाही' म्हणून दिले होते. त्याचे म्हणणे खरे ठरले: लाकूड कुजले नाही. त्याला टेकलेला पत्रा मात्र तीन वर्षांत चाळणीसारखा झाला आणि ती होडी मला भंगारात द्यावी लागली.

ट्रान्सम, म्हणजे मोटर जिला अडकते ती मागची फळी, पूर्ण बदलावी लागेल. भुसभुशीत लाकडात इपॉक्सी ओतून ते घट्ट होईल असे सांगणारे भेटतील. तसे करू नका, कारण इपॉक्सी वरच्या थरात थांबते आणि आतली ओल तशीच राहते. कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि वरची झाकणपट्टी जपून काढा, जुनी फळी तुकडे न करता बाहेर काढा आणि तिलाच साचा मानून नवी आखा. पाऊण इंची सागरी किंवा बाहेरच्या वापराच्या प्लायवुडचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून दीड इंचाची फळी करावी. चिकटवताना शिकंजे भरपूर लावावेत आणि सर्व कडांना, विशेषतः वरच्या कडेला, पातळ इपॉक्सीचे तीन हात द्यावेत. पाणी कडेच्या उघड्या शिरांतून आत शिरते. बोल्टची भोके आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि वाळल्यावर योग्य मापाने पुन्हा पाडावीत, म्हणजे बोल्ट लाकडाला कधी टेकतच नाही. वरच्या कडेपासून तळापर्यंतची उंचीही मोजून घ्या: आखूड दांड्याच्या मोटरला सुमारे १५ इंच लागते आणि लांब दांड्याच्या मोटरला २०. तुमची होडी बहुधा पहिल्या प्रकारची असेल.

बाकांकडे येतो, कारण तुमच्या चार प्रश्नांपैकी हाच मला सर्वांत गंभीर वाटतो. मधले बाक कापून दोन शिकारी, कुत्रा आणि डिकॉयच्या, म्हणजे बदकांना भुलवणाऱ्या नकली बदकांच्या, पिशव्या ऐसपैस मावतील हे खरे आहे. पण या होडीत बाक ही केवळ बसायची जागा नाही. दोन्ही बाजूंना रिव्हेट केलेले ते खोके होडीच्या कुशी एकमेकींपासून फाकू देत नाही, आणि त्याच्या पोटात होडी तरंगती ठेवणारा फोम असतो. ते कापल्यावर काठ हाताने दाबून पाहिला तर होडी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वळते, आणि दोन हंगामांत तळाचे रिव्हेट पुन्हा पाझरू लागतात. अडचण फारच होत असेल तर मधल्या बाकाचा मधला भाग तेवढा कुत्रा जाईल इतका मोकळा करावा, दोन्ही टोकांची खोकी ठेवावीत आणि खाली अ‍ॅल्युमिनियमचा मजबूत आडवा कोन रिव्हेट करून ताकद परत द्यावी. पुढच्या आणि मागच्या बाकाला हात लावू नये.

बाकांतला फोम उघडून पाहणे टाळू नका. २० फुटांहून लहान होड्यांना तरंगण्याची सोय सक्तीची करणारे अमेरिकी नियम १९७२ च्या अखेरीस लागू झाले, म्हणजे तुमची होडी त्याआधीची आहे. तिच्यात फोम असेल, नसेल किंवा अर्धवट असेल. असलाच तरी साठ वर्षांत तो पाणी प्यालेला असण्याची दाट शक्यता आहे. मी एका बाकातून काढलेला फोम हाताने पिळता येत होता. असा फोम होडीला तारत नाही, उलट जडच करतो.

किती फोम लागेल त्याचा हिशोब सोपा आहे. एक घनफूट पाण्याचे वजन ६२.४ पौंड, दोन पौंड घनतेचा एक घनफूट फोम सुमारे ६० पौंड उचलून धरतो. २०० पौंडांचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा पाण्याखाली गेल्यावर सुमारे १२५ पौंड भरतो. मोटर, बॅटरी आणि इतर लोखंड मिळून आणखी सव्वाशे-दीडशे पौंड धरा. म्हणजे केवळ रिकामी होडी तरंगत ठेवायलाच साडेचार घनफूट फोम हवा, आणि तिला धरून लोंबकळणाऱ्या दोन माणसांचा विचार करता सात घनफुटांच्या खाली मी कधी थांबत नाही. बंद कोशांचे निळे किंवा गुलाबी पॉलिस्टायरीनचे तक्ते कापून भरावेत. पांढऱ्या मण्यांचा थर्माकोल पाणी पितो. पॉलिस्टायरीनला पेट्रोलचा स्पर्श झाला की ते विरघळते, म्हणून पेट्रोलच्या टाकीजवळचा भाग जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. फोम सगळा तळाशी कोंबणे घातक आहे: पाणी भरल्यावर तळ वर येऊन होडी उलटते. निदान अर्धा फोम काठाखाली, दोन्ही कुशींना समान विभागून, आणि मोटरचे वजन तोलण्यासाठी मागच्या कोपऱ्यांत थोडा अधिक बसवावा.

जमीन हवीच असेल तर ती तळालगत, बरगड्यांवर टेकेल इतकीच उंच करावी. बाकांच्या उंचीवर मंच बांधून त्यावर उभे राहून नेम धरण्याची कल्पना आकर्षक असली तरी १४ फुटी, साडेचार फूट रुंदीच्या होडीत दोन माणसांचे वजन फूटभर वर गेले की तिचा तोल कुत्र्याच्या एका उडीने जातो. अर्धा इंची प्लायवुडचा एक पूर्ण तक्ता सुमारे ४५ पौंडांचा असतो, आणि भिजल्यावर त्याहून जड. तेव्हा लागेल तेवढाच वापरा, चारही बाजूंनी इपॉक्सी लावा, तुकडे उचलून काढता येतील असे ठेवा आणि पाणी मागे वाहून जाण्यासाठी मधोमध वाट सोडा. गालिचा घालू नका. तो चिखल आणि पाणी धरतो आणि नोव्हेंबरमध्ये बर्फाची लादी होतो. भोके असलेली रबरी चटई आवाजही दाबते आणि पायही धरून ठेवते.

एकदा कागदावर वजनांची बेरीज करा, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतो ते दिसेल. जाड कपड्यांतले दोन शिकारी ४०० पौंड, लॅब्रॅडॉर ७५, तीन डझन डिकॉय त्यांच्या दोऱ्या आणि वजनांसह ६५, बंदुका व काडतुसे ३५, मोटर आणि पेट्रोल १२०, बॅटरी ५०, लपण ६०: एकूण सुमारे ८०० पौंड. जुन्या होडीवर क्षमतेची पट्टी नसेल तर लांबी आणि रुंदी फुटांत गुणून १५ ने भागण्याचे तटरक्षक दलाचे सूत्र वापरतात. तुमच्या होडीला ते चार माणसे देते, प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६०० पौंड, आणि तेही चांगल्या हवेत. दोन शिकाऱ्यांच्या सामानाने होडी भरते असे मी म्हणतो ते यामुळे. तिसरा मित्र आग्रह करू लागला तर त्याला दुसऱ्या फेरीत न्यावे.

रंगाचे काम यानंतरचे. जुना रंग घट्ट असेल तर तो सगळा उतरवण्याची गरज नाही. सुटलेला काढून उरलेला नायलॉनच्या खरखरीत चकत्यांनी घासला तरी पुरे. जुन्या रंगात शिसे असू शकते असे धरून ओले घासावे आणि नाकाला योग्य मास्क लावावा. उघड्या पत्र्यावर मिनिटांत पुन्हा ऑक्साइडचा थर चढू लागतो, म्हणून घासणे, तेल पुसून काढणे आणि पत्र्याला चावणारा एच (etch) प्रायमर देणे हे एकाच दिवशी, एकामागोमाग एक करावे. घासून आठवडाभर ठेवलेल्या पत्र्यावरचा रंग पहिल्या हिवाळ्यात पापुद्र्यांनी निघतो. हवा ५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेली की बहुतेक रंग नीट वाळत नाहीत, त्यामुळे हे काम ऑगस्टमध्येच संपवावे. तळाला तांब्याचा शेवाळरोधक रंग कोणी सुचवला तर नकार द्या. ट्रेलरवर राहणाऱ्या होडीला त्याची गरजही नाही, आणि त्याने काय होईल ते वर सांगितलेच आहे.

छटा निवडताना दुकानातल्या हिरव्या रंगाकडे न पाहता ऑक्टोबरच्या अखेरच्या पाणथळीकडे पाहा. तोवर पाणकणीस आणि लव्हाळी वाळून मातकट पिवळी झालेली असतात, आणि त्यांत हिरवी होडी दुरून उठून दिसते. मळकट तपकिरी पाया आणि त्यावर वाळल्या गवताचे उभे, अनियमित फटकारे एवढे पुरते. रंग पूर्ण मॅट हवा. बदकाला आकृतीपेक्षा चकाकी आधी दिसते. आणि बदके वरून पाहतात, तेव्हा होडीचे पोट, बाके, मोटरचे झाकण, वल्ह्यांची पाती हे सगळे त्याच रंगात रंगवा. बाहेरून उत्तम रंगवलेली आणि आतून रुपेरी राहिलेली होडी मी अनेकदा पाहिली आहे. घिरट्या घालणारा थवा तिच्यावरून एकदाच जातो.

आता लपण. पोलादी नळ्यांपेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा घडीचा सांगाडा करा, जो प्रवासात काठाच्या खाली झोपेल आणि जागेवर पोहोचल्यावर उभा राहील. उभे लपण घेऊन उघड्या पाण्यावर जाऊ नका. वाऱ्याला ते शिडासारखे सापडते आणि आडव्या वाऱ्यात होडी कलते. त्यावर कृत्रिम गवताच्या चटया पातळ बांधा आणि उरलेले अंग स्थानिक गवताने भरा, कारण त्या दिवशीच्या त्या जागेचा रंग कोणत्याही कारखान्याच्या रंगापेक्षा खरा असतो. मिनेसोटात पाणवनस्पती रस्त्याने वाहून नेण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे गवत जिथल्या तिथे वापरून तिथेच सोडून यावे. शिवाय इथे सर्वसाधारणपणे उघड्या पाण्यातून शिकार करता येत नाही, शिकारी नैसर्गिक वनस्पतींत निदान अंशतः झाकलेला असावा लागतो. म्हणजे तुमचे लपण पाणकणसाची भर घालणारे असले तरी पुरते, त्याची जागा घेणारे नको. कुत्र्यासाठी बाजूला मोकळी वाट आणि पाण्यातून परत चढण्यासाठी छोटी उतरंड ठेवा. छप्पर दोरीने बांधू नका. होडी उलटली तर एका हाताच्या धक्क्याने ते सुटले पाहिजे. वाळल्या गवताखाली गॅसची शेगडी पेटवणे मला मान्य नाही. गरम कपडे आणि थर्मासमधला चहा यांवर भागवावे.

मोटरबद्दल एवढेच सांगतो की १० अश्वशक्तीच्या आतली साधी मोटर, दोन वल्ही आणि चिखलात रेटायचा लांब बांबू ही जोडी या होडीला शोभते. थायलंडच्या लांब दांड्याच्या होड्यांच्या धर्तीवरच्या ज्या चिखलमोटारी दक्षिणेतल्या लुइझियानाकडे लोकप्रिय आहेत, त्या रुंद, सपाट तळाच्या जड होड्यांसाठी आहेत. तुमच्या ट्रान्समला त्यांचे धक्के सोसणार नाहीत. मोटर बंद होऊन होडीची गती पूर्ण थांबेपर्यंत गोळी झाडता येत नाही, हा संपूर्ण देशाचा नियम आहे. पहाटेच्या अंधारात जायचे असल्याने लाल-हिरवा आणि पांढरा असे दोन्ही दिवे हवेत, आणि लपणाची चौकट मागचा पांढरा दिवा झाकणार नाही हे पाहावे. परवान्यासोबत स्थलांतरित पक्ष्यांचे केंद्रीय तिकीट घ्यायचे असते. १९३४ पासून चालू असलेल्या या तिकिटाचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळी विकत घेण्यात आणि राखण्यात जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, पण त्या वातावरणात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी इथल्या शिकाऱ्याचे पाणथळीशी असलेले हे नाते समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे १९९१ पासून देशभर बंद आहेत. जुन्या बंदुकीबरोबर जुनी काडतुसे मिळाली असतील तर ती होडीत नेऊ नका.

शेवटची गोष्ट करायची ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पाणी अजून कोमट असताना. लपण चढवण्याआधी होडी कमरेइतक्या पाण्यात न्या, मोटरच्या आणि बॅटरीच्या वजनाची वाळूची पोती त्यांच्या जागी ठेवा, बुडखा काढा आणि तिला काठोकाठ भरू द्या. ती सपाट तरंगली पाहिजे आणि तुम्ही दोघे एका काठाला लोंबकळलात तरी उलटता कामा नये. मागची बाजू खाली जात असेल तर मागच्या कोपऱ्यांत फोम वाढवा आणि पुन्हा भरून पाहा. ११ नोव्हेंबर १९४० रोजी सकाळी उबदार असलेल्या हवेत पातळ कपड्यांनिशी निघालेल्या शिकाऱ्यांना दुपारी वादळाने आणि बर्फाने मिसिसिपी नदीच्या बेटांवर गाठले. त्या वादळात एकट्या मिनेसोटात ४९ माणसे दगावली आणि त्यांत बदकांच्या शिकारीला गेलेले अनेक होते. बर्फाळ पाण्यात पडलेल्या माणसाचे पहिले मिनिट श्वास आवरण्यात जाते, पुढची दहाएक मिनिटे हातापायांत कामाची ताकद राहते आणि साधारण तासाभराने शुद्ध हरपते. त्या दहा मिनिटांत धरायला एकच वस्तू असते ती तुमची होडी, म्हणून लाइफ जॅकेट अंगातच असू द्या आणि होडी भरूनही तरंगते हे आधी डोळ्यांनी पाहून ठेवा.

आणि बुडख्याचे एक. मिनेसोटात होडी रस्त्याने नेताना तो काढून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, जेणेकरून एका तळ्यातले पाणी आणि त्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत. म्हणून पहाटे चारच्या अंधारात, गारठलेल्या बोटांनी, तो परत बसवायचा विसर पडतो. एक बुडखा दोरीने ट्रान्समलाच बांधून ठेवा, दुसरा मोटारीच्या किल्लीच्या जुडग्यात ठेवा, आणि ट्रेलर पाण्यात मागे नेण्यापूर्वी तो घट्ट बसला आहे हे हाताने चाचपून पाहा.